विमलची रिकामी नळी

विमल रोकडेचा मला हेवा वाटायचा, आणि अजूनही वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे मी तिचं कौतुक करायला लागले, की ते मला किती जड जातंय हे वाचणाऱ्याला कळेल.

पूर्व उपनगरातल्या एका रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा आहे. काम एकच, माणसाच्या हृदयाच्या स्नायूत कोणकोणती चरबी असते ते बघायचं. हृदयाच्या वर पिवळी चरबी असते ती वेगळी, ती कुणालाही डोळ्यांनी दिसते. आम्हाला हवी असते ती आतली, पेशींच्या पापुद्र्यांत विणलेली. ती दिसत नाही. शवविच्छेदनाच्या वेळी नातेवाइकांची संमती घेऊन नखाएवढा तुकडा आणायचा, वाटायचा, द्रावणात घालून हलवायचा, चरबी खालच्या थरात उतरली की ती यंत्रात सोडायची. यंत्र कागदावर एक रेघ काढतं आणि त्या रेघेवर डोंगर उगवतात. प्रत्येक चरबीचा डोंगर ठरलेल्या जागी उगवतो, त्यामुळे कुठला कुणाचा ते ओळखता येतं. माणूस वर्षानुवर्षं जे खातो त्यातलं थोडं हृदयात जाऊन राहतं, ते असं कागदावर दिसतं.

मी तिथे लागले तेव्हा माझ्याकडे एम.एस्सी.ची पहिल्या वर्गाची पदवी होती. विमलकडे तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा डिप्लोमा आणि याच प्रयोगशाळेतला सात वर्षांचा अनुभव. ती मूळची परभणीकडची, लग्न होऊन चेंबूरला आलेली. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सगळे तिला विमलताई म्हणायचे. मी पहिल्या दिवसापासून विमल म्हटलं, आणि ते मुद्दाम म्हटलं.

पहिल्याच दिवशी मी तुकड्यावरची पिवळी चरबी चिमट्याने काढून तो तिच्यापुढे ठेवला. मला वाटलं, चोख काम झालंय. तिने तो भिंगाखाली धरला, एक बारीक, केसाएवढा पिवळा धागा ओढून काढला आणि काचेवर ठेवला.

"हे काय राहिलं गं?"

"एवढंसं तर आहे."

"एवढंसंच लई होतं. हे वरचं आहे. आतलं मोजायला बसायचं आणि वरचं मोजून उठायचं, असं होतं मग."

तिने तुकडा मला परत दिला. आवाज चढवला नाही, चारचौघांत बोलली नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं. मी दुपारपर्यंत त्या तुकड्याशी झटत बसले आणि ती डबा खाताना मला म्हणाली, "ठेचा घे, तिखट नाही फार." तो भयंकर तिखट होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते कशाचं हे कुणाला कळलं नाही, एवढाच त्या दिवसाचा फायदा.

तिच्या हातांबद्दल सांगायला हवं. हात जाडेभरडे, बोटं आखूड, नखं मुळापर्यंत कापलेली. पण त्या हातांतून काही सांडत नसे. काचेची भांडी ती स्वतः धुवायची. शिपायाला हात लावू देत नसे. आधी साबण, मग साधं पाणी, मग शुद्ध पाणी, शेवटी द्रावणाने विसळून पालथी घालायची. कुणी घाईत असलं की म्हणायची, "चरबी चिकटते गं. सगळ्याला चिकटते." नळी हलवून झाली की ती खिडकीपाशी उजेडात धरायची आणि वरचा थर, खालचा थर वेगळे होईपर्यंत एक शब्द बोलायची नाही. कुणी बोलायला गेलं तर, "थर बसू दे, मग बोल." हे ती माणसांनाही लावायची. आमच्या मॅडम, म्हणजे या कामाच्या प्रमुख डॉक्टर, कधी तापून खोलीत आल्या की विमल स्टूल पुढे सरकवायची आणि म्हणायची, "मॅडम, थर बसू द्या." मॅडम चक्क बसायच्या. मी तेच बोलले असते तर मला दारातून बाहेर काढलं असतं.

मॅडमचं एक वाक्य होतं. मी काहीही घेऊन गेले, आलेख असो, तक्ता असो, की त्या चष्म्यावरून बघून विचारायच्या, "विमलनं बघितलं का?" माझ्या पोटात दुखायचं. एम.एस्सी. मी, आणि बघणार विमल. एकदा कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, "या लोकांचं काय, कोट्यातून येतात आणि डोक्यावर बसतात." विमल अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर होती, कोट्याचा तिथे काही संबंध नव्हता. मला ते माहीत होतं. तरी मी गप्प बसले आणि मला आतून बरं वाटलं. बुद्धपौर्णिमेला तिने आणलेली खीर मी दोन वाट्या खाल्ली होती, त्याला महिनासुद्धा झाला नव्हता.

आता तिची रिकामी नळी. दर वेळी आठ-दहा तुकड्यांचं काम एकत्र चालायचं. विमल त्यात एक नळी जास्त लावायची, जिच्यात तुकडा नसायचाच. नुसतं द्रावण. बाकी सगळं तसंच करायचं, हलवायचं, थर बसवायचे, यंत्रात सोडायचं. त्या नळीची रेघ सपाट आली पाहिजे. आली नाही तर चरबी माणसाची नाही, आपली. हे पुस्तकातही आहे, पण पुस्तकातलं सगळं कोण करतं? यंत्राचा वेळ आम्हाला मोजून मिळायचा, एक रिकामी नळी म्हणजे पाऊण तास वाया. मॅडमनी सांगितलं होतं की आठवड्यातून एकदा लावली तरी चालेल. विमल आपल्या प्रत्येक कामात लावायची आणि त्यासाठी डब्याची सुट्टी सोडायची. शुक्रवारची, म्हणजे मॅडमनी सांगितलेली, तीही तीच लावायची. मी कधीच लावली नाही. विमलची सपाट येतेय, म्हणजे माझीही येणार, असा माझा हिशेब.

संमती घ्यायला नातेवाइकांकडे आम्ही पाळीपाळीने जायचो. माहूलच्या एका कोळी माणसाला रस्त्यात टँकरने उडवलं होतं. त्याची बायको, हिराबाय, शवागाराबाहेरच्या बाकावर बसली होती. पाळी माझी होती. मी अर्ज काढला आणि सगळा वाचून दाखवला, "सदर नमुन्याचा उपयोग केवळ संशोधनासाठी," वगैरे. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नको," म्हणाली. संपलं.

मी परत आले. विमलने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ती उठली, खाली गेली, मीही मागून गेले, कारण तिलाही नकार मिळावा आणि तो मला बघायला मिळावा असं मला वाटत होतं. विमल बाकाशेजारी जमिनीवर बसली. मग म्हणाली, "सकाळपासून काही पोटात गेलं का तुमच्या?" तिने चहा-पाव आणला, हिराबायने अर्धा पाव खाल्ला. मग विमलने तिला सांगितलं काय हवंय ते.

"सगला कालीज नेशील?" हिराबायने विचारलं.

"नाही ओ. एवढं." विमलने स्वतःचं करंगळीचं नख दाखवलं.

"आनि त्यान बघशील काय?"

"माणूस जन्मभर काय खातो ना, त्यातलं तेल थोडं तिथं जाऊन राहतं. ते बघते."

हिराबाय पहिल्यांदाच थोडी हसली. "बोंबलाशिवाय काय मिलनार त्यान?" मग तिने अंगठा पुढे केला. उठताना विमलचा हात धरून म्हणाली, "काय मिललं तं मना सांगशील ना?"

"सांगते."

जिन्यात मी विमलला अडवलं. "एकेकट्याचा निकाल घरच्यांना सांगायचा नसतो. नियम आहे."

"असेल की."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"तिनं विचारलं म्हणून." एवढं बोलून ती वर गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण नियम माझ्या बाजूने होता आणि बाकी सगळं तिच्या.

त्यानंतर माझे दिवस आले. माझ्या कामातल्या काही हृदयांत एक नवाच डोंगर दिसायला लागला. छोटा, पण स्पष्ट, आणि सगळ्या डोंगरांच्या आधी उगवणारा. तो खोबरेलातल्या चरबीचा. माणसाच्या हृदयात ती अशी सापडत नाही. मी नावं तपासली. सावंत, परब, राणे. सगळी कोकणातली. मीही कोकणातलीच, मुलुंडच्या आमच्या घरात नारळाशिवाय पान हलत नाही. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पिढ्यान्‌पिढ्या नारळ खाणाऱ्या आमच्या लोकांच्या हृदयात नारळ उतरलाय. मॅडमना सांगितलं. त्यांचे डोळे चमकले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच "विमलनं बघितलं का" हे वाक्य आलं नाही. लेख लिहायचा ठरला, पहिलं नाव माझं. त्याच सुमारास प्रयोगशाळेत एक कायम जागा निघाली होती. एकच. आम्ही दोघींनी अर्ज केले होते आणि मॅडमची शिफारस ज्या बाजूला, जागा त्या बाजूला, हे सगळ्यांना माहीत होतं. मी घरी पेढे आणायचे तेवढे बाकी ठेवले होते.

एका सोमवारी दुपारी विमलने मला हाक मारली. प्रयोगशाळेत दोघीच होतो.

"सायली, एक काम कर. ही नळी घे. हिच्यात काही नाही. नेहमी करतेस तसं सगळं कर, तुझ्या हातानं."

"कशाला?"

"कर तर."

मी केलं, चिडूनच केलं. संध्याकाळी यंत्राने रेघ काढली. तुकडा नाही, माणूस नाही, कोकण नाही, आणि सुरुवातीलाच तो छोटा, स्पष्ट डोंगर.

विमलने माझे सगळे आलेख टेबलावर मांडले. डोंगर होता ते सगळे सोमवारचे. त्यात सावंत-परब होते तसा मुलुंडचा एक गुजराती दुकानदारही होता, तो मी तपासताना चक्क वगळला होता. काही बोलायची गरज नव्हती. रविवारी संध्याकाळी आई मला पुढ्यात घेऊन बसायची. "डोक्याची सोडणा झाली हत, हडे बस," म्हणजे केस काथ्यासारखे झालेत, इकडे बस, असं म्हणत गावाहून आलेलं घरच्या नारळाचं तेल मुळापर्यंत मुरवायची. माझी वेणी कमरेपर्यंत, जाड. सोमवारी काम करताना ती खांद्यावरून पुढे यायची आणि मी हातमोजे घातलेल्या हाताने मागे टाकायची. दिवसातून कितीदा ते देव जाणे.

"मॅडमना तू सांग," विमल म्हणाली. "मी नाही सांगणार. लेख जायच्या आत सांग म्हणजे झालं."

ती एवढी चांगली वागली नसती तर कदाचित मी नीट वागले असते, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मला ती जागा हवी होती आणि तिला मिळायला नको होती.

मी मॅडमकडे गेले. म्हणाले, "मॅडम, तो डोंगर खरा नाही. बाहेरून आलाय. भांडी नीट धुतली गेली नसावीत." कुणी, ते म्हटलं नाही. भांडी विमल धुते हे तिथल्या भिंतींनाही माहीत होतं.

मॅडमनी विमलला बोलावलं. मी तिथेच उभी होते. लेख बुडाला होता, मॅडम फार रागावल्या होत्या, आठ वर्षांचं बोलल्या, विश्वासाचं बोलल्या. या वेळी कुणी त्यांना थर बसू द्या म्हणालं नाही. विमलने माझ्याकडे एकदा बघितलं. मी खिडकीकडे बघत होते. मॅडमनी चुकांची वही काढायला लावली. आमच्याकडे अशी वही आहे, कुठली चूक, कुणाची, कारण काय, असे तीन रकाने. त्यात विमलचं नाव लिहिलं गेलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. कारण, अस्वच्छ भांडी.

ती काय काय बोलेल याची मी घरून तयारी करून आले होते. ती तयारी वाया गेली. जागा मला मिळाली. तिचा करार महिन्याभराने संपला आणि पुढचा झाला नाही. शेवटच्या दिवशी तिने कपाटातली सगळी भांडी खाली काढली आणि सकाळपासून दुपारपर्यंत धुतली. एकही सोडलं नाही. मग एक रिकामी नळी लावली. रेघ निघाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट. तो कागद तिने मॅडमच्या टेबलावर ठेवला नाही. माझ्या टेबलावर ठेवला, वर जड वाटी ठेवली पंख्याने उडू नये म्हणून, आणि पर्स उचलून गेली.

मी केस कापले. मानेपर्यंत. आई दोन दिवस बोलली नाही. रिकामी नळी दर वेळी लावायला लागले, डब्याच्या सुट्टीत. मॅडम अजूनही माझा आलेख हातात घेतला की विमलचं नाव घ्यायला तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. ती नसतानाही मला तिचा हेवा वाटायचा, याहून जास्त काय सांगू?

दीड वर्ष गेलं. शीतकपाट साफ करताना माहूलच्या त्या माणसाच्या उरलेल्या तुकड्याची कुपी हाताला लागली, आणि हिराबायला दिलेला शब्द आठवला. विमल तर गेली, शब्द राहिला. मी त्याचा आलेख शोधून काढला. माशाच्या तेलाचा डोंगर उंच होता, आमच्याकडच्या सगळ्या हृदयांतला सगळ्यांत उंच. मी ठरवलं, आपण जाऊन सांगायचं. माणुसकी म्हणून ठरवलं असं लिहायला मला आवडलं असतं. खरं कारण असं, की विमलच्या हातून राहिलेलं एक तरी काम माझ्या हातून व्हावं.

रविवारी सकाळी आलेख पाकिटात घालून पत्ता विचारत विचारत माहूलला गेले. रिफायनरीचा वास आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास यांतला नेमका कुठला नाकाला जास्त लागतोय ते कळत नव्हतं. हिराबायच्या घरात शिरले आणि आधी भिंत दिसली. नवऱ्याचा हार घातलेला फोटो आणि त्याच्याशेजारी, चौकटीत, आमच्या आलेखाची प्रत. उंच डोंगरावर बाण काढून विमलच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, मासळी.

माझ्या हातातलं पाकीट हातातच राहिलं.

"ये गो," हिराबाय म्हणाली. "तू पन तिथलीच ना? ही बघ, तुमची विमल."

विमल आतल्या मोरीत पाटावर बसून मांदेली साफ करत होती. परभणीची विमल, जिला आमच्या डब्यातल्या सुकटीच्या वासाने मळमळायचं. महिन्यातून एका रविवारी ती इथे येते, हिराबाय म्हणाली. एकेका मांदेलीचं डोकं काढून, पोट साफ करून, ती उजेडाकडे धरून बघत होती, काही राहिलं तर नाही ना.

मी तिच्यासमोर खाली बसले. "विमलताई," म्हटलं. पहिल्यांदाच. "भांडी स्वच्छ होती."

"मला माहीत आहे की."

"मी उद्या मॅडमना सांगते."

पुढचं इथेच सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी मी चुकांच्या वहीत तिचं नाव खोडून माझं लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, केसांना लावलेलं खोबरेल. वही मॅडमपुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ वाचलं, मग जे बोलायचं ते बोलल्या, आणि ते मी ऐकून घेतलं. नोकरी राहिली, मॅडमचा विश्वास मात्र नंतर परत कमवावा लागला. मॅडमनी विमलला स्वतः फोन केला. ती परत आली नाही. चेंबूरच्या एका तपासणी केंद्रात ती आता सगळ्यांची प्रमुख आहे, असं ऐकते. आमची भेट झाली ती माहूलला त्या रविवारी, तीच शेवटची.

पण मोरीत मी ते म्हणाले तेव्हा यातलं काही झालेलं नव्हतं. विमलने पुढची मांदेली उचलली.

"रिकामी नळी लावतेस का आता?"

"दर वेळी."

"सोमवारी पण?"

"सोमवारी आधी."

तिने मान हलवली. मग प्रथमच माझ्याकडे नीट बघितलं आणि तिचे हात थांबले.

"केस कुठं गेले गं तुझे?"

"कापले. तेव्हाच."

"अगं, कशाला? डोक्याला फडकं बांधलं असतंस तरी भागलं असतं." तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. ती हात धुवायला उठली, मग पुन्हा बसली. "तुला सांगू? तुझ्या वेणीवर मी लई जळायची. माझं बघ, शेपटी. सकाळी तू दारातून आत आलीस की मी आधी तुझी वेणी बघायची. रोज. म्हणून तर कळलं मला."

"काय कळलं?"

"सोमवारी ती चमकायची," विमल म्हणाली, आणि ओल्या हाताच्या कोपराने स्वतःची बारकी वेणी मागे सारून तिने पुढची मांदेली उजेडात धरली.